पिठल्याला लाल, धपाट्याला हिरवी

पिठल्यावर केचप घालणाऱ्या माणसाला आमचे घरमालक घरात उभं करीत नसत. सेलूत त्या काळी केचप दुसऱ्या कोणाकडे नव्हतंच, तेव्हा हा नियम मोडायची संधीही कोणाला नव्हती. पण नियम करायला तो मोडणारा समोर असावा लागत नाही, असं त्यांचं मत होतं. सरकारसुद्धा असेच नियम करतं, असं ते वर म्हणत. आणि राज्य निजामाचं असल्यामुळे आवाज खाली आणून म्हणत.

ते मालगाडीचे निवृत्त गार्ड. गाव त्यांना गार्डसाहेब म्हणे. तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून त्यांनी जग पाहिलं, म्हणजे जेवढं मागे पडत जातं तेवढं पाहिलं. नोकरी सुटली तरी हिरवी झेंडी, लाल झेंडी, शिट्टी आणि साखळीचं घड्याळ त्यांच्याजवळच राहिलं. मनमाडकडून येणारी गाडी आणि हे घड्याळ जुळलं नाही तर ते म्हणत, "आज गाडी चुकली." घड्याळ चुकल्याचं त्यांनी माझ्या देखत एकदाही कबूल केलं नाही. सकाळी दहाला ते पाटावर बसत, शिट्टी एकदा वाजवत आणि मग पहिला घास घेत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिट्टी ऐकून तव्यावर दुसरी भाकरी टाकीत.

मी सेलूच्या शाळेत गणित शिकवायला आलो, मराठी मुलांना, उर्दूतून. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला मिळाली आणि जेवणही त्यांच्याकडेच ठरलं. खोली देण्याआधी त्यांनी मला ओसरीवर बसवून विचारलं, "मास्तर, केचप खाता का?"

"कधी खाल्लं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे वाकडी सवय नसंल. शिकवता येईल."

ओसरीच्या कोनाड्यात लांब मानेची एक काचेची बाटली होती. तिच्यावर इंग्रजी चिठ्ठी, अर्धी झिजलेली. आत गडद लाल रस. लोक ती पाहायला येत. गावातले एक वकील बाटली डोळ्यांजवळ धरून चिठ्ठी वाचल्यासारखं करीत आणि "हं" म्हणून परत ठेवीत. ते "हं" म्हणाले म्हणजे मजकूर बरोबर असणार, असा गावाचा समज होता.

बाटलीचा इतिहास असा. सिकंदराबादेला स्टेशनवर साहेब लोकांचं जेवणघर होतं. तिथल्या खानसाम्याशी गार्डसाहेबांची ओळख, त्यामुळे पाळी संपल्यावर मागच्या खोलीत त्यांना कधी कधी एक कटलेट मिळे आणि त्यावर केचप. कटलेटमध्ये फक्त बटाटा असे, असं ते सांगत. काकूंना हे पटलेलं असावं किंवा त्यांनी पटवून घेतलेलं असावं. निवृत्तीच्या दिवशी लोक चांदीचा पेला आणतात, शालजोडी आणतात; यांनी सिकंदराबादेच्या दुकानातून ही बाटली आणली.

केचप भेदऱ्याचं, म्हणजे टोमॅटोचं. काकूंच्या चुलीजवळ भेदऱ्याला मज्जाव होता. कापलं की मांसासारखं दिसतं, असं त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं आणि सासू गेली तरी तिचा शब्द राहिला होता. म्हणून बाटली ओसरीवर. ती आत जायची नाही, आणि काकू तिला शिवल्या तर अंघोळ करीत. गार्डसाहेब वाढलेलं ताट घेऊन ओसरीवर येत आणि तिथे जेवत. मीही तिथेच.

जेवताना ते झेंड्या दाखवत. हे मी अलंकारिक बोलत नाही. दोन्ही झेंड्या गुंडाळून पाटाजवळ ठेवलेल्या असत. माझा हात बाटलीकडे गेला की ते आधी माझ्या ताटात पाहत आणि मग एक झेंडी उचलत.

त्यांचा सिद्धांत सोपा होता. काही पदार्थ स्वतःच्या वाफेवर चालतात. पिठलं, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी. त्यांना लाल. काहींना घाटावर मागून इंजिन लावावं लागतं. कोरडी ज्वारीची भाकरी, उकडलेला बटाटा, धपाटं. त्यांना हिरवी. "केचप म्हणजे मागचं इंजिन हाय, मास्तर. पुढं लावलं की गाडी मागं जाती." वरणभाताला ते कोणतीच झेंडी दाखवत नसत, ती लाइनच वेगळी. गोडाचा प्रश्न मी एकदा काढला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा काढला नाही.

एकादशीला मात्र कोडं पडलं. ताटात भगर होती. केचप उपासाला चालतं की नाही? त्यांनी भगर निवू दिली आणि विचार केला.

"केचप विलायतेचं. विलायतेत एकादशी न्हाई. म्हणजे केचपाला उपास लागू न्हाई."

"म्हणजे चालतं?"

"थांबा. पण भगरीला एकादशी हाय. म्हणून केचप भगरीवर घालायचं न्हाई, बाजूला घ्यायचं. एकाच स्टेशनात दोन गाड्या उभ्या राहतात का न्हाई? राहतात. टक्कर झाली न्हाई म्हणजे झालं."

आतून काकू म्हणाल्या, "देवाला कोणती झेंडी दावणार हाव?"

"देव आपल्या लाइनीवर हाय," गार्डसाहेब म्हणाले. "त्याला काय अडचण?"

लग्नाच्या पंगतीला ते बाटली कोटाच्या खिशात घालून नेत. अशाच एका पंगतीत त्यांनी बाटली काढून पानाजवळ ठेवली. बातमी आचाऱ्याच्या कानावर गेली. झारा हातात घेऊन तो पंगतीत आला.

"साहेब, माझ्या भाजीत काय कमी पडलं?"

"काही न्हाई."

"मग ही औषधाची बाटली कशाला काढली?"

"काढली म्हणून घातली का? तुझ्या भाजीला मी लाल दावलीय. स्वतःच्या वाफेवर चालायलीय ती."

ही स्तुती आहे की निंदा, हे आचाऱ्याला कळेना. तो झारा घेऊन तसाच उभा राहिला, तेव्हा शेजारच्या पानावरचे गृहस्थ म्हणाले, "अरे, चांगलं म्हणायलेत. जा, जिलबी आण."

पण सगळ्यात कडक लाल होती ती हुरड्याला. ज्वारीचं कोवळं कणीस आगटीच्या निखाऱ्यात भाजायचं, हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचं. गूळ चालतो, तिळाची चटणी चालते. केचप नाही. "हुरडा आगटीतून हातावर, हातावरून तोंडात. मधी स्टेशनच न्हाई. तिथं बाटली घेऊन कुठं उभं राहणार?" हे सांगताना ते हसत नसत.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका दुपारी शाळा लवकर सुटली. गार्डसाहेब स्टेशनवर गाडी चुकते का ते पाहायला गेले होते. मी पाण्यासाठी तांब्या घेऊन मागच्या दाराशी गेलो, तर काकू न्हाणीजवळ उकिडव्या बसलेल्या. अंगावर जुनं लुगडं. पुढे ती बाटली, तिच्या तोंडात नरसाळं, आणि पातेल्यातून लाल रस त्या आत ओतत होत्या.

"मास्तर, तुमी काही पाहिलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही पाहिलं. पण हे काय आहे?"

त्यांनी आधी बाटली पुरती भरली, बूच लावलं, मग सांगितलं. खरी बाटली केव्हाच संपली होती. "आठ दिस नीट जेवले न्हाईत हो. रिकाम्या बाटलीकडं बघत बसायचे. तिकडं लढाई लागलेली, सिकंदराबादेत माल येईना. मग मी म्हणलं, माझा भाऊ तिथं पार्सल हापिसात हाय, तो डब्यात घालून धाडील. आपण बाटलीत भरू."

"त्यांनी मानलं?"

"लगेच. डब्यात कशाला, बाटलीत का न्हाई, एका शब्दानं इचारलं न्हाई. लय भोळे हायत."

तीस वर्षं मालाच्या डब्यांची सीलं तपासलेला माणूस. पण काकूंना ते भोळे वाटत होते, आणि तेव्हा मलाही वाटले.

"आणि हे भेदरं आणता कुठून?"

"शिव शिव! भेदरं कुठलं? अंबाडीची बोंडं हायत ही." लाल अंबाडीची बोंडं वाळवून ठेवायची, शिजवायची, गाळायची, त्यात गूळ, मीठ, मिरची, दोन लवंगा. "खरं कसं लागतं ते मला काय ठाऊक? मी कशाला भेदरं जिभेला लावू? रंग बघितला, वास घेतला, तसं केलं."

"पण हे तरी चाखून पाहत असाल."

"बाटलीत जायचं ते. ओवळं की."

मी गणिताचा मास्तर. मला हा हिशेब सुटेना. अंबाडी त्यांची, गूळ त्यांचा, हात त्यांचा. पण ते ज्या बाटलीत जाणार ती केचपाची, केचप भेदऱ्याचं, म्हणून पातेल्यातलंही ओवळं.

"तुम्हाला अंबाडी आवडत नाही का?"

"मला?" त्या एकदम हसल्या. "माहेरी बोंडाची चटणी असली की मला दुसरं काही लागत नसे."

"मग तुमच्यापुरती वेगळी करा ना."

"आन त्यांनी वास वळखला तर? घरात अंबाडी दिसली की समजलंच. ह्या घरात अंबाडी बंद हाय, मास्तर, तवापासून." मग जरा अभिमानाने म्हणाल्या, "पहिली बाटली दीड वर्ष पुरली होती. चारच थेंब घ्यायचे. आता महिन्यातून दोनदा भरावी लागती. म्हणत्यात, तुझ्या भावाकडचा माल चांगला हाय."

तेव्हापासून आम्ही दोघं एका गुपिताचे भागीदार झालो. गार्डसाहेब झेंडी उचलत, खऱ्या मालाची लक्षणं सांगत, विलायतेच्या भेदऱ्याची तारीफ करीत, आणि मी खाली मान घालून अंबाडी खात असे. खोटं बोलायचं नाही, चव फार चांगली होती.

त्या वर्षी थंडीत एक बडे साहेब दौऱ्यावर आले. जिल्ह्याच्या कारभारातले नेमके कोण ते सांगत नाही; ते गेले, त्यांचं पदही गेलं. मुक्काम वालूरला. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्यासाठी शेतात हुरडा ठेवला. पेशकाराने, म्हणजे साहेबांच्या कारकुनाने, शेतकऱ्यांना सांगितलं होतं की साहेब विलायतेत शिकून आलेत आणि केचपाशिवाय त्यांना जेवण जात नाही. शेतकरी स्वतः सेलूला आले.

"गार्डसाहेब, आमची अब्रू तुमच्या हातात हाय. बाटली घेऊन या. वहिनींनाही आणा, धपाटे त्यांच्या हातचे पाहिजेत."

गार्डसाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. महत्त्वाच्या प्रसंगी ते आधी वेळ पाहत. "आणतो. पण धपाट्यापुरती. हुरड्यावर पडू देणार न्हाई."

"साहेबांना कोण सांगणार?"

"मी सांगन."

पाहुणे गेल्यावर काकूंनी मला मागच्या दाराशी बोलावलं. चेहरा उतरलेला. "आता काय करायचं हो, मास्तर? तो विलायतेत राहिलेला माणूस. जिभेला लागलं की म्हणंल, हे कुठलं केचप? समद्या गावासमोर यांची शोभा होईल. आन यांना कळंल ते येगळंच."

"बाटली फोडून टाका," मी म्हणालो.

"मी न्हाई फोडत. लेकरावानी सांभाळलीय त्यांनी." मग हळूच, "तुमी फोडा. वाटंत."

मी कबूल झालो. वालूरपर्यंतच्या बैलगाडीच्या वाटेत बाटली फोडायची एकही संधी मला मिळाली नाही. गार्डसाहेबांनी ती हिरव्या झेंडीत गुंडाळून मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. चाक खड्ड्यात गेलं की ते स्वतः आदळत, बाटली अधांतरी राही. समोर काकू धपाट्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या आणि दर खड्ड्याला माझ्याकडे पाहत होत्या.

साहेबांसाठी शेतात खुर्ची मांडली होती. आपली काळी जमीन खुर्चीला मान देत नाही. साहेब शेरवानी सावरून बसले आणि खुर्चीचा एक पाय आत गेला. शिपायाने खाली वीट घातली, तर दुसरा पाय गेला. चौथ्या विटेनंतर साहेब सरळ झाले, पण ते आता सगळ्यांहून वीतभर उंच होते आणि आगटीतला हुरडा घ्यायला त्यांना वाकावं लागत होतं. बाकी आम्ही भुईवर. बायका कडब्याच्या आडोशामागे.

पेशकाराने बाटली पुढे ठेवली. धपाटं यायला वेळ होता. साहेबांनी बाटली पाहिली, त्यांचे डोळे मोठे झाले, आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी ती हातातल्या बशीतल्या हुरड्यावर उपडी केली.

मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. लाल झेंडी त्यांच्या कोटाच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. तिथेच थांबली. दोन गाड्या समोरासमोर येताना माणूस डोळे मिटतो तसे त्यांनी मिटले.

साहेबांनी घास घेतला. आडोशामागे बांगड्यांचा आवाज थांबला.

"वल्लाह!" साहेब म्हणाले. "वही है. बिलकुल वही! लंदन में हमारी बूढ़ी मकानवाली हर चीज के साथ यही रखती थी. बरसों बाद ऐसा मिला." त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. "असली विलायती. यहाँ वालूर में! कमाल है."

सगळीकडे वाहवा झाली. शेतकरी गार्डसाहेबांकडे असे पाहत होते की जणू त्यांनीच विलायत शोधून काढली. माझा जीव भांड्यात पडला. तिकडच्या विद्येवर माझा विश्वास फारसा नव्हताच. तो त्या दिवशी अंबाडीने पुरता घालवला.

आता दौऱ्याचा एक रिवाज सांगायला हवा. साहेबांनी एखादी वस्तू वाखाणली की ती साहेबांची झाली. कोणी मागत नसे. देणाऱ्याने समजून घ्यायचं. म्हणून दौरा आला की लोक चांगला बैल लांबच्या गोठ्यात बांधत आणि चांगली घोंगडी उलटी पांघरत. पेशकाराला हा रिवाज साहेबांपेक्षा जास्त पाठ होता. त्याने बूच लावलं, बाटली हिरव्या झेंडीतच गुंडाळली आणि सामानाच्या पेटीकडे निघाला.

मी मनात म्हटलं, सुटलो. बाटली जाईल, गुपितही तिच्याबरोबर जाईल. साहेबांना असली केचप नजर करणारे म्हणून गार्डसाहेबांचं नाव परभणीपर्यंत होईल. काकूंना पुन्हा घरात अंबाडी करता येईल. याहून चांगला शेवट मला बसून रचता आला नसता.

गार्डसाहेब उठून उभे राहिले.

"सरकार, माफ करना," ते हात जोडून म्हणाले. "वो विलायती नै है."

पेशकार थांबला. साहेबांचा हात बशीवर थांबला. "क्या मतलब?"

"नकली है, सरकार. बोतल पुरानी है, अंदर का माल मेरे घर का. अंबाडी का. मेरी घरवाली बनाती."

आगटीत एक कणीस फुटल्याचा आवाज तेवढा झाला. शेतकऱ्यांनी कपाळाला हात लावला. साहेब सगळ्यांसमोर असली म्हणाले होते. त्यांना खोटं पाडणं म्हणजे काय, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझं लक्ष मात्र कडब्याच्या आडोशाकडे होतं.

साहेबांनी गार्डसाहेबांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. मग विटांवरच्या खुर्चीत जमेल तितके ताठ झाले.

"पेशकार, वापस रख दो," ते म्हणाले. "नकली चीज हमारे डेरे में नहीं जाती."

बाटली परत आली. साहेब दुसऱ्या विषयावर, पाऊसपाण्यावर बोलू लागले. पण बोलता बोलता त्यांची बशी पुरती स्वच्छ झाली. नकली चिजेचा एक थेंबही त्यांनी मागे ठेवला नाही.

आम्ही गाडी जुंपून परत निघालो. वालूरचे लोक मागे हसले होते ते आम्ही ऐकलं होतं. सेलूत बातमी आमच्या आधी पोचणार हेही दिसत होतं. वकील उद्यापासून काय वाचणार, असा विचार मी करीत होतो.

मग काकू म्हणाल्या, "कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या डब्यापासून."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू म्हणालीस, भाऊ धाडतो. तुझ्या भावानं उभ्या जन्मात कोणाला काय धाडलंय?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. हसू की रडू ते मला दिसलं नाही. "आन ते आठ दिस जेवला न्हाईत ते?"

"दाढ दुखत होती."

गाडी ओढ्यातून वर आली. गार्डसाहेब मांडीवरच्या बाटलीकडे पाहत म्हणाले, "खरं सांगू का? ते विलायतेचं मला कधी आवडलंच न्हाई. साहेब खातेत म्हणून आणलं. चार थेंब घ्यायचो, औषधावानी. संपलं तवा मनात म्हणलं, सुटलो. तेवढ्यात तू डबा काढलास."

म्हणजे सगळे नियम, सगळ्या झेंड्या, घाटावरचं इंजिन, एकादशीचा निवाडा, हे सगळं अंबाडीचं होतं. विलायतेच्या केचपासाठी त्यांनी एकही नियम केला नव्हता.

"देऊन टाकायची होती मंग," काकू म्हणाल्या. "तो असली म्हणत होता. मोठा मान झाला असता तुमचा."

"बाटली गेली असती," ते म्हणाले, "तर तू भरली कशात असतीस?"

मी बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी भाकऱ्या टाकल्या. आम्ही ओसरीवर पाटांवर बसलो. गार्डसाहेबांनी शिट्टी हातात घेतली, पण वाजवली नाही.

"तू बी ये," त्यांनी आत हाक दिली.

"तुमचं होऊ द्या की."

"ये म्हणलं न्हवं. गाडी सुटत न्हाई तवर."

काकू ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी, निम्म्या आत निम्म्या बाहेर, बसल्या. गार्डसाहेबांनी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. त्या मागे सरल्या. "ओवळं हाय ते."

"भेदरं कुठं हाय त्यात?"

काकू बाटलीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या सासूने भेदऱ्याबद्दल सांगितलं होतं. बाटलीबद्दल काही सांगितलं नव्हतं. बहुधा हेच त्या तपासून पाहत असाव्यात. गार्डसाहेबांनी हिरवी झेंडी उलगडली, तिच्यावर वालूरची माती होती, आणि भाकरीवर धरली. मग शिट्टी वाजवली.

काकूंनी एक थेंब भाकरीला लावून तोंडात टाकला. डोळे मिटले, उघडले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "गूळ लय झालाय की हो! इतकी वर्षं सांगितलं न्हाई?"

"कसं सांगणार?" गार्डसाहेब म्हणाले. "भावाला पत्र घालू का?"

नंतर गूळ कमी झाला. गाव काही दिवस हसलं. वकिलांनी बाटलीला "हं" म्हणणं सोडलं. मग हळूहळू घरोघरच्या बायका काकूंकडे बोंडं घेऊन येऊ लागल्या आणि झेंड्यांचे नियमही त्यांच्याबरोबर घरोघर गेले. कोणाच्या घरात पिठल्यावर काय पडतं याची गार्डसाहेबांना आता खरोखर काळजी करावी लागली.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या, धामधुमीच्या वर्षी मी सेलू सोडलं. निघताना काकूंनी मला झाकणाचा एक डबा दिला. "बाटलीत भरू नका," त्या म्हणाल्या. "बाटलीत घातलं की साहेब मागतेत." गार्डसाहेब स्टेशनपर्यंत आले. गाडी सतरा मिनिटं चुकली होती. ती हलली तेव्हा त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. खऱ्या गार्डाने शेवटच्या डब्यातून त्यांच्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, आपलीही दाखवली. मग गार्डसाहेबांनी हाताचा कर्णा करून मला ओरडून सांगितलं, "मास्तर, पिठलं!"

पिठल्यावर मी अजून घातलेलं नाही. पुढे आमच्या घरी हे अंबाडीचं करायला लागलो, आणि एका थंडीत कोणाच्या तरी शेतात, आजूबाजूला पाहून, मी ते हुरड्यावर घालून पाहिलं. साहेबांचं बरोबर होतं. फार चांगलं लागतं. त्या वेळी गार्डसाहेब हयात होते, आमचा पत्रव्यवहारही होता. दर पत्रात ते विचारत, नियम पाळता ना? मी दर पत्रात पाळतो म्हणून लिहिलं.

त्यांच्या शेवटच्या कार्डावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: "आम्ही दोघे परवा हुरड्याला गेलो होतो. हिने बाटली नेली होती. अधिक काही लिहीत नाही."